मेलेल्या जनावराची मदत आणि टनामागचे पंधरा रुपये



हंगाम सुरू झाला की आमच्या ऊस विकास विभागाच्या टेबलावर ज्या तक्रारी येतात त्या वर्षानुवर्षे ठरलेल्या असतात. तोड लांबली, नोंदीची तारीख चुकली, टोळीने वाढे दिले नाहीत, चिटबॉय फोन उचलत नाही. २०२५-२६ च्या हंगामात त्यांत एका नव्या तक्रारीची भर पडली. "साहेब, ते टनामागचे पंधरा रुपये कशाचे?" हा प्रश्न आम्हांस फडावर, काट्यावर, एवढेच काय एका लग्नात जेवणाच्या पंगतीतसुद्धा विचारला गेला. विचारणाराचा सूर असा की जणू आम्हीच ते खिशात घालून निघालो आहोत.

वास्तविक गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, गोदावरीच्या काठाने जो पाऊस झाला त्याने सोलापूरपासून मराठवाड्यापर्यंत हाहाकार उडवला. ३० सप्टेंबर २०२५ रोजी गाळप हंगाम ठरविण्यासाठी मंत्री समितीची बैठक झाली. तिच्यात साखर कारखान्यांकडून टनामागे १० रुपये मुख्यमंत्री सहायता निधीसाठी आणि ५ रुपये पूरग्रस्त शेतकऱ्यांसाठी घेण्याचे ठरले. त्यावर राज्यभर ओरड झाली तेव्हा सरकारकडून खुलासा आला की हे पैसे शेतकऱ्याच्या एफआरपीतून नव्हे, कारखान्याच्या नफ्यातून घ्यावयाचे आहेत.

आता कायद्याच्या भाषेत हा खुलासा बरोबर आहे. एफआरपीला कोणी हात लावू शकत नाही. पण सहकारी कारखान्याला सभासदाच्या खिशाखेरीज दुसरा खिसा कुठे आहे? आज ना उद्या शेवटच्या हप्त्यात ते १५ रुपये कमीच दिसणार. तेव्हा सभासद म्हणतो की पैसे माझेच गेले, त्याला आम्ही खोटे म्हणणार नाही. आम्ही नोकर माणूस, पण ही गोष्ट लपवून ठेवण्यात हशील नाही.

परंतु त्याच्या पुढचे जे वाक्य सभासद बोलतात ते आम्हांस पटत नाही. "आपल्याकडं कुठं पूर आला? ज्यांचं वाहून गेलं त्यांना सरकार देतंय की! म्हैस मेली तर साडेसदतीस हजार मिळत्यात, आणखी काय पाहिजे?" हे वाक्य ज्यांनी उच्चारले त्यांच्या गोठ्यात चार-चार जनावरे उभी आहेत. म्हणून या वेळी ऊस, खते, बेणे हे सारे बाजूला ठेवून गोठ्याविषयी लिहिण्याचे आम्ही ठरविले.

आमचे मूळ गाव देशावरचे नाही हे जुन्या सभासदांना ठाऊक आहे. आम्ही पनवेल तालुक्यातील आपट्याचे. पाताळगंगेच्या काठचे गाव. स्टेशन लहान, पण 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या सिनेमाचा शेवट तेथे चित्रित झाल्याने स्टेशन प्रसिद्ध आणि गाव अप्रसिद्ध अशी आमची स्थिती. कोकणात ऊस नाही, भात आहे. भाताबरोबर आमच्या घरी दोन म्हशी, एक पारडी आणि मळणीपुरते बैल असत. त्या दुधावर आमची शेतकी पदविका पुरी झाली. फीचे पैसे भाताने दिले नाहीत, म्हशींनी दिले.

२६ जुलै २००५. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हा आकडा पुस्तकात गेला आहे. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. आमच्याकडे माणसे वाचली, पण नदी गावात शिरली. वरून डोंगराचे पाणी आणि खालून खाडीची भरती. अशा वेळी पाताळगंगेला जायला वाट राहत नाही. आम्ही नुकतेच कारखान्यात लागलो होतो. फोन बंद, घाट बंद. पुण्यापर्यंत एसटीने, पुढे मिळेल त्या ट्रकने आणि शेवटी पायी असे करीत चौथ्या दिवशी घरी पोहोचलो.

गोठा नदीच्या अंगाला होता. रात्री पाणी वाढू लागले तेव्हा बाबांनी कमरेइतक्या पाण्यात जाऊन बैल सोडले आणि एका म्हशीचे दावे कोयत्याने कापले. दुसरीपर्यंत पोहोचेतो पाणी छातीला लागले आणि आईने हाका मारमारून त्यांना मागे बोलाविले. सोडलेली म्हैस वाहत गेली ती गेलीच. बांधलेली म्हैस आणि पारडी जागेवरच मेल्या. बैल तेवढे दुसऱ्या दिवशी चिखलाने माखून परत आले.

पंचनामा झाला. बांधलेल्या दोघींचे मृतदेह समोर होते, त्यांची नोंद झाली. वाहून गेलेल्या म्हशीचे काय? पंच म्हणाले, मृतदेह नाही, शवविच्छेदन नाही, नोंद कशी करणार? बाबांनी खुंट्याचे कापलेले दावे काढून त्यांच्या पुढे धरले. "हा काय पुरावा. दोन्ही बाजूला बांधलेली असती तर दोन्हीचे पैशे मिळाले असते. सोडली हीच माझी चूक झाली." पंचनाम्याला आलेल्या माणसाचा आम्ही दोष धरीत नाही. तोही चिखलात तीन गावे पायी फिरून आला होता आणि नियम त्याने केलेला नव्हता. पण ज्याने जीव धोक्यात घालून जनावर सोडले त्याला काही नाही, आणि ज्याचे बांधलेलेच मेले त्याला मदत, हे गणित बाबांच्या डोक्यात आजतागायत बसलेले नाही. आमच्याही नाही.

जी मदत मंजूर झाली ती हातात पडायला दिवाळी उलटली. तोवर घराची कौले घालायची होती, किराणा दुकानाची उधारी झाली होती, भाताचे बियाणे उसने आणले होते. मदतीच्या पैशाची म्हैस काही आली नाही. गोठा दोन वर्षे रिकामा राहिला. मदत आली आणि म्हैस आली नाही, यात बाबांनी पैसे उडवले असे कोणी म्हणेल काय? थोडा पैसा उशिरा आला की तो संसारात विरघळतो. दुष्काळाचा असो, पुराचा असो, ज्या ज्या घरी आम्ही नंतर पाहिले तेथे हेच पाहिले.

आता दराकडे वळू. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे जे निकष २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरवून दिले त्यांत दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलाला ३२,०००, वासराला २०,०००, शेळी-मेंढीला ४,००० आणि कोंबडीला १०० रुपये असे आकडे आहेत. त्याआधी म्हशीला ३०,००० आणि बैलाला २५,००० होते. एका कुटुंबाला मोठी दुभती जनावरे तीनच, कोंबड्यांचे एकूण १०,००० रुपयेच, अशी मर्यादाही त्यात आहे. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचे जे पॅकेज जाहीर केले त्यात दर हेच ठेवले, पण तीन जनावरांची मर्यादा काढून टाकली. हे चांगले झाले, हे मान्य केले पाहिजे. पुरात गोठाच्या गोठा जातो. तीन मोजून मरा असे पाणी सांगत नाही.

पण ३७,५०० मध्ये म्हैस येते काय? आठवड्याच्या बाजारात जाणाऱ्या सभासदाला हे आम्ही काय सांगावे. पहिल्या-दुसऱ्या वेताची, बरे दूध देणारी म्हैस लाखाच्या घरात बोलतात. म्हणजे मदतीत म्हशीचा पुढचा भाग येतो आणि दूध देणारा भाग बाजारातच राहतो. अमेरिकेत आपत्तीत जनावर मेले तर त्या प्रकारच्या जनावराच्या सरासरी बाजारभावाच्या ७५ टक्के रक्कम देण्याची योजना आहे. आपण अमेरिका नव्हे, हे कबूल. परंतु दर हा बाजारभावाला बांधलेला असावा, पाच-पाच वर्षे एका आकड्याला खुंट्यासारखा बांधून ठेवू नये, एवढे तरी घेण्यासारखे आहे. उसाचा दर दरवर्षी ठरतो. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये ठरला. मग म्हशीचा का ठरू नये?

दुसरे असे की ही सारी मदत मेलेल्या जनावराची आहे. मेले नाही पण चार दिवस पाण्यात उभे राहून कास सुजली, गाभण गाय टाकली, कडब्याची गंज वाहून गेली, त्याचे काय? चारा आणि औषधासाठी निकषांत तरतूद आहे, पण ती छावणीमार्फत आणि दवाखान्यामार्फत. घरच्या गोठ्याला हातात काही येत नाही. आणि खरे नुकसान तर तेथेच असते. आपले उसाचे बिल वर्षातून दोन-तीन हप्त्यांत येते. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी येतो. मुलांची वही, दवाखाना, तेल-मीठ हे सारे दहा दिवसांच्या पैशावर चालते आणि तो पैसा बहुतेक घरी बाईच्या हातात असतो. ऊस बुडाला तर शेंडा पाण्यावर असेतो काही दिवस तग धरतो. पाणी ओसरल्यावर निचरा केला, युरियाची मात्रा दिली तर निम्मे-अर्धे पदरात पडते. म्हशीला शेंडा नसतो.

रोगाच्या मदतीचीही अशीच एक गंमत आहे, गंमत म्हणायचे एवढेच. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात लंपी दिसला आणि बघता बघता राज्यभर पसरला. तेव्हा राज्याने मेलेल्या गाईला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये दिले. पूर नाही, दुष्काळ नाही, तरी दिले, ही मोठी गोष्ट झाली. आपल्या हंगामावर तेव्हा टांगती तलवार होती. गाडीवानांचे बैल आणायचे की नाही, लस टोचल्याचा दाखला कोणी बघायचा, यात आमचे पंधरा दिवस गेले. कोंबड्यांचे मात्र निराळे. आमच्या आपट्यापासून फार लांब नसलेल्या उरण तालुक्यातील चिरनेरला जानेवारी २०२५ मध्ये बर्ड फ्लू निघाला. अशा वेळी सरकार ज्या कोंबड्या स्वतः मारून पुरते त्यांचे पैसे देते. रोगाने आपोआप मेल्या त्यांचे देत नाही. म्हणजे ज्याच्या खुराड्यात रोग आधी शिरला, ज्याचे सर्वांत जास्त गेले, त्याच्या हातात सर्वांत कमी. यामागे कारण आहे. लोकांनी रोग लपवू नये, लवकर कळवावे म्हणून जिवंत पक्ष्याचे पैसे ठेवले आहेत. कारण योग्य आहे. पण ज्याला पहिल्याच रात्री शंभर पक्षी मेलेले सापडले त्याने कळवायचे तरी कोणत्या आशेने?

आता गाडीवानांविषयी दोन शब्द, कारण त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही. बीडकडून बैलगाडी घेऊन जो माणूस आपल्या तळावर सहा महिने पालात राहतो तो आपला सभासद नाही. पण गाडी बंद झाली की आपल्याला त्याची आठवण येते. कारखान्यात जेथे ऊस टाकतात तिला आपण गव्हाण म्हणतो आणि गोठ्यात बैल जेथे वैरण खातो तीही गव्हाणच. एक भरायची तर दुसरी भरलेली पाहिजे. त्याचा बैल वीज पडून मेला तर मदत आहे, कारण वीज पडणे हे आपल्या राज्यात आपत्तीत मोडते. ट्रकने उडविला तर ती आपत्ती नव्हे. शिवाय त्याचे घर एका जिल्ह्यात, बैल मेला दुसऱ्या जिल्ह्यात. पंचनामा येथे आणि बँकेचे खाते तेथे. तो हंगाम सोडून कागदामागे किती फिरणार? तो मुकादमाकडून आणखी उचल घेतो आणि पुढल्या वर्षीचा हंगामही विकून टाकतो.

या उचलीवरूनच आमच्या मनात एक विचार बरेच दिवस घोळत आहे. तो मांडतो. संचालक मंडळाने तो आगाऊपणा मानू नये.

आपला कारखाना टोळ्यांना हंगामाआधी लाखो रुपयांची उचल देतो. ती माणसे येतील या भरवशावर देतो, काही येतात, काही पैसे घेऊन दुसऱ्या कारखान्यावर जातात, हे सर्वांना माहीत आहे. ज्याचा ऊस आपल्याकडे नोंदलेला आहे, जो कुठे पळून जाणार नाही, अशा सभासदाची दुभती म्हैस आपत्तीत मेली तर पंचनाम्याच्या प्रतीवर आठ दिवसांत त्याला बिनव्याजी उचल का देऊ नये? सरकारी मदत आली की ती परत घ्यावी, उरलेली रक्कम दोन हंगामांच्या बिलांतून कापावी. दूध संघाशी बोलून त्याचा हमीपत्राचा भाग ठरवावा. पैसा सरकारचाच, पण तो दिवाळीनंतर न मिळता पाणी ओसरताच मिळाला तर त्याची म्हैस येईल. आपट्याला आमच्या घरी जे झाले ते येथे होणार नाही.

यावर आमच्याच खात्यातील एका जाणत्या सहकाऱ्याने शंका काढली की लोक खोटे पंचनामे आणतील. आणतील, कोणी कोणी आणतीलही. दुष्काळात चारा छावण्या लागल्या की दावणीला जितकी जनावरे असतात त्यापेक्षा कागदावर जास्त चरतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पण त्याला आता उपाय आहे. जनावराच्या कानात जो बारा अंकी पिवळा बिल्ला मारतात, तो १ जून २०२४ पासून राज्यात सक्तीचा झाला आहे. बिल्ला नसेल तर बाजारात खरेदी-विक्री नाही, वाहतूक नाही आणि महत्त्वाचे म्हणजे आपत्तीत जनावर मेले तर मदतही नाही. खोटे पकडणारा हा बिल्ला खऱ्यालाही आडवा येतो, हे लक्षात घ्या. आम्ही गट फिरताना सहज पाहतो, दहा गोठ्यांत तीन-चार गोठे असे निघतातच की ज्यांत एखाद्या तरी जनावराचा कान मोकळा असतो. कोणी म्हणते गळून पडला, कोणी म्हणते गाय कान हलवते, कोणी म्हणते विकायचीच आहे. आमच्या बाबांजवळ निदान कापलेले दावे तरी होते. बिल्ला असता तर वाहून गेलेल्या म्हशीची नोंद आधीच सरकारदरबारी असती आणि ती होती की नव्हती एवढा वाद तरी उरला नसता.

विम्याचेही थोडे सांगायला हवे. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ पासून हप्त्याचा केवळ १५ टक्के भाग पशुपालकाने भरायचा, बाकी सरकार भरते. जे सभासद उसाच्या ठिबकाला लाखभर रुपये घालतात ते म्हशीच्या विम्याला का कचरतात, हे आम्हांस कळत नाही. "मेली तर मेली" असे म्हणणारा माणूस ती मेल्यावर तसे म्हणत नाही.

राहिले ते १५ रुपये. हिशेब आम्ही कागदावर मांडून पाहिला. त्यांपैकी पूरग्रस्तांचे म्हणून जे ५ रुपये आहेत तेवढेच धरू. ७,५०० टन ऊस गाळला की एका म्हशीची मदत निघते. ५ लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचे २५ लाख होतात, म्हणजे ६६ म्हशी. दोन एकरांत ८० टन काढणाऱ्या सभासदाच्या वाट्याला यातले ४०० रुपये येतात, सगळे १५ धरले तर १,२००. एवढे पैसे देताना कुरकुर झाली तर आम्ही तिला वाईट म्हणत नाही, कारण विचारून घेतले असते तर कदाचित आपण जास्तच दिले असते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले तेव्हा आपल्याच भागातून वैरणीच्या गाड्या गेल्या होत्या. त्या कोणी सक्तीने नेल्या नव्हत्या. मात्र द्यायचे ते दिल्यावर हिशेब मागायचा आपला हक्क आहे. आपल्या टनामागचे ५ रुपये कोणत्या जिल्ह्यात गेले, त्यांतून किती गोठे भरले, हे कारखान्यांना कळवावे अशी मागणी वार्षिक सभेत ठराव करून साखर आयुक्तांकडे पाठवता येते. "आम्हांला देऊच नका म्हणायचे होते" असा ठराव करण्यापेक्षा हा ठराव आम्हांस अधिक शोभतो असे वाटते.

उचलीची सूचना ज्यांना पटेल त्यांनी ती सभेआधी लेखी द्यावी. तोंडी बोललेले कार्यवृत्तात येत नाही. बिल्ला नसलेल्या जनावरांची यादी आपापल्या चिटबॉयकडे द्यावी, गटनिहाय यादी झाली की पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवून एका दिवशी काम उरकता येईल. पंचनाम्याची वेळ आलीच तर जनावर पुरण्याआधी कानातला बिल्ला दिसेल असा फोटो काढावा आणि शवविच्छेदनाच्या दाखल्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. आणि ज्यांना आमचे हे म्हणणे मुळीच पटत नसेल त्यांनी खुशाल गट कचेरीत येऊन भांडावे. सकाळी दहापर्यंत आम्ही तेथे असतो, नंतर फडावर.